गरम लागतंय का काकू? हॉट स्टोन मसाजमध्ये भाजलेल्या पायाचं एक प्रकरण

हे प्रकरण पुण्यातलं आहे. यातल्या बाई गुडघ्याच्या दुखण्यासाठी माझ्याकडे फिजिओथेरपीला येतात. भाजल्यानंतर त्या मसाज केंद्राच्या मालकांनी तिथली पद्धत बघायला मला बोलावलं, त्यामुळे दोन्ही बाजू जवळून बघता आल्या. सगळ्यांच्या परवानगीने लिहिते आहे. ओळख पटेल असे तपशील गाळले आहेत. बाईंना इथे काकूच म्हणते.

काकू ६१ वर्षांच्या, सहकारनगरच्या, बँकेतून निवृत्त. रोज सकाळी तळजाईला फिरायला जाणाऱ्या. मधुमेह १४ वर्षांचा. गोळ्या नियमित, पथ्य सणावाराला सैल. ‘शुगर आहे थोडी, पण कंट्रोलमध्ये आहे’ हे त्यांचं ठरलेलं वाक्य. शेवटचं एचबीए१सी (गेल्या दोन-तीन महिन्यांतली सरासरी साखर दाखवणारी रक्ततपासणी) ८.६ होतं, म्हणजे कंट्रोल बोलण्यातच जास्त. डिसेंबरात वाढदिवसाला मुलीने त्यांना बाणेरच्या एका स्पाचं गिफ्ट व्हाउचर दिलं. ७५ मिनिटांचा हॉट स्टोन मसाज, म्हणजे गरम पाण्यात तापवलेले गुळगुळीत दगड अंगावर फिरवून आणि ठेवून केलेला मसाज.

मसाज त्यांना आवडला. पाठ मोकळी झाली, रात्री झोप गाढ लागली. दुसऱ्या दिवशी नेहमीसारख्या बूट-मोजे घालून तळजाईला गेल्या, टेकडी चढून उतरून आल्या. घरी येऊन मोजा काढायला गेल्या तर तो उजव्या पायाच्या बोटांना चिकटलेला. दुसऱ्या आणि तिसऱ्या बोटाच्या मधली कातडी पांढुरकी पडून सुटलेली, आणि घोट्याच्या वर, पोटरीच्या खालच्या भागात पाण्याने टम्म भरलेला फोड, अर्ध्या तळहाताएवढा. दुखत नव्हतं. काकूंना वाटलं बूट चावला. त्यावर हळद भरली आणि स्वयंपाकाला लागल्या. दुपारी मुलगी आली, तिने ते बघितलं आणि थेट रुग्णालयात नेलं.

तिथल्या सर्जननी हळद धुऊन काढायलाच बराच वेळ घेतला. पोटरीवरचं भाजणं वरच्या थरांतलं होतं. बोटांमधलं मात्र खोल. धनुर्वाताचं इंजेक्शन, एक दिवसाआड ड्रेसिंग, पायावर भार टाकायचा नाही. कातडीचं रोपण करावं लागेल का याची चर्चा झाली, पण ती वेळ आली नाही. जखम भरायला सहा आठवडे लागले आणि तेवढ्या काळात माझ्याकडची गुडघ्याची सगळी मेहनत मागे गेली.

थेरपिस्ट काय म्हणाली

मुलीचा पहिला राग साहजिकच थेरपिस्टवर होता. ‘विचारलं कसं नाही तिने?’ मी केंद्रात गेले तेव्हा त्या थेरपिस्टशी बराच वेळ बोलले. २४-२५ वर्षांची, सातारा जिल्ह्यातली, रीतसर कोर्स करून आलेली. रडून डोळे सुजलेले. तिने जे सांगितलं ते तिच्याच शब्दांत देते, कारण अख्खं प्रकरण त्यातच आहे.

‘मॅडम, मी विचारलं हो. पाठीवर पहिला दगड ठेवला तर काकू म्हणाल्या, अगं, चटका बसतोय. मी लगेच उचलला, खाली टॉवेल घातला, मग ठेवला. मग पायाला आले. पायाला विचारलं, गरम लागतंय का काकू? तर म्हणाल्या, नाही गं, पायाला तर काहीच नाही, जरा गरम असले तरी चालतील. म्हणून मी तळातले काढले.’

काकूंना विचारलं तर त्यांनीही शब्दशः हेच सांगितलं. कुणी खोटं बोलत नाही, कुणी काही विसरलेलं नाही. विचारलं गेलं होतं, उत्तर खरं होतं, आणि त्या उत्तराप्रमाणे वागल्यामुळेच पाय भाजला.

मधुमेहात वर्षानुवर्षं साखर चढी राहिली की नसा लांबच्या टोकापासून खराब होत जातात. पायाची बोटं आधी, मग तळवा, घोटा, मोजा चढवावा तशी वर सरकत. पाठीच्या नसा तोवर शाबूत असतात. म्हणून काकूंना पाठीवर चटका कळला, पायावर कळला नाही. थेरपिस्टच्या बाजूने बघा: पाठीवर ग्राहकाने झटकन तक्रार केली, म्हणजे या बाई गरम लागलं की सांगतात, असा तिचा समज झाला. तो समज पाठीपुरता बरोबरही होता. एकाच माणसाच्या अंगावर एका ठिकाणची ‘नाही’ विश्वासाची आणि दुसऱ्या ठिकाणची फसवी असू शकते, हे तिला कोर्समध्ये कुणी शिकवलेलं नव्हतं. कोर्समध्ये ‘मधुमेहींची काळजी घ्यावी’ एवढं एक वाक्य असतं. काळजी घ्यावी म्हणजे काय करावं, ते पुढे लिहिलेलं नसतं.

जखम भरल्यावर मी काकूंच्या तळव्याची मोनोफिलामेंटने तपासणी केली. हा नायलॉनचा एक धागा असतो, तळव्याला टेकवून वाकेपर्यंत दाबला की १० ग्रॅमचा दाब पडतो. डोळे मिटून कुठे लागलं ते सांगायचं. पुढच्या पावलाला काकू गप्पच. ‘सुरू केलंत का?’ असं त्यांनी मला मध्येच विचारलं.

दगड, पाणी आणि मिनिटं

केंद्रातला हीटर म्हणजे झाकणाचं मोठं विजेचं भांडं. त्यावर कमी-मध्यम-जास्त असा खटका, आकडा कुठेच नाही. तळाशी दगड धातूला टेकू नयेत म्हणून जाड टॉवेल घालायची पद्धत आहे. इथला टॉवेल वास मारायला लागला म्हणून आदल्या आठवड्यात काढून टाकला होता आणि नवा आणायचा राहिला होता. त्या दिवशी आधीची ग्राहक उशिरा आली, त्यामुळे दगड नेहमीपेक्षा जास्त वेळ पाण्यात. वर पाणीही आटलेलं. मालकांना सांगून मी तशीच मांडणी पुन्हा करून घेतली आणि सळईच्या डिजिटल थर्मामीटरने मोजलं. वरचं पाणी ५३ अंश सेल्सिअस. तळाच्या थरात, दगडांच्या खाचांमध्ये, ६० च्या आसपास. दगड दाटीवाटीने रचलेले असले की पाणी फिरत नाही आणि खालची उष्णता खालीच साचते. ‘तळातले काढले’ याचा अर्थ हा होता.

आता मिनिटांचा हिशोब. कातडी किती तापमानाला किती वेळात भाजते, यावर मोरिट्झ आणि हेन्रिक्स या दोघांनी १९४७ मध्ये केलेलं काम आजही पायाभूत धरलं जातं. कातडीचा पृष्ठभाग ४४ अंशांवर सलग राहिला तर भाजायला सुमारे ६ तास लागतात. त्यापुढे ५१ पर्यंत प्रत्येक अंशाला हा वेळ साधारण निम्मा होत जातो. म्हणजे ४७ ला पाऊण तास, ४९ ला दहा-अकरा मिनिटं, ५० ला पाच-सहा. ६० वर तर पाच सेकंद पुरतात. दगड ५३ अंशांचा असला म्हणून कातडी लगेच ५३ ला जात नाही. दोघांच्या मध्ये कुठेतरी तापमान ठरतं, आणि वाहतं रक्त उष्णता पुढे नेत राहतं. शिवाय दगड हलता असेल तर एका जागेला तो क्षणभरच लागतो. म्हणून ५०-५५ अंशांच्या दगडाने हात फिरवत केलेला मसाज निरोगी माणसाला सुखाचा वाटतो. पण तोच दगड एका जागी ठेवून दिला, त्यावर अंगाचं वजन आलं आणि तो ६० च्या जवळचा असला, की गणित उलटतं.

काकूंच्या पोटरीखाली, उशी घालावी तसा, तळहाताएवढा दगड ठेवला होता, आणि त्यावर पायाचं पूर्ण वजन. दाबलेल्या कातडीत रक्त फिरत नाही, त्यामुळे उष्णता वाहून नेणारं कुणी उरत नाही. बोटांच्या बेचक्यात लहान दगड खोचले होते. लहान दगड लवकर निवतात, म्हणून थेरपिस्ट ते मुद्दाम सगळ्यात शेवटी आणि जास्त गरम काढतात; शिवाय तिथे कातडी दोन्ही बाजूंनी वेढलेली. वर पायाला टॉवेल गुंडाळला, पायांवर दिवा मंद, आणि थेरपिस्ट खांद्यांकडे गेली. पाय तसे किती वेळ राहिले ते नेमकं कुणालाच सांगता आलं नाही. दहा मिनिटं तरी नक्की.

‘पण दगड मी हातात धरूनच ठेवते ना, मला कळेलच की,’ असं ती म्हणाली. हा युक्तिवाद जवळजवळ प्रत्येक थेरपिस्ट करते. रोज दिवसभर गरम दगड हाताळणारे तळहात निबर होतात; शिवाय झाऱ्याने काढून टॉवेलवर टिपून पायाखाली सरकवायला दोन-तीन सेकंद पुरतात. मनगटाच्या आतल्या बाजूला पाच सेकंद टेकवून बघणं त्यापेक्षा बरं. आकडा बघणं सगळ्यात बरं.

फॉर्मवर लिहिलेलं होतं

यापुढची गोष्ट मला जास्त टोचली. काकूंनी मधुमेह लपवला नव्हता. आल्या आल्या रिसेप्शनवर दोन पानी इंग्रजी फॉर्म भरून घेतला गेला. मुलीनेच भरला. आजारांच्या यादीत मधुमेहापुढे टिक आहे, मी फॉर्म स्वतः बघितला. खाली ‘कोणत्याही इजेला केंद्र जबाबदार राहणार नाही’ या अर्थाच्या ओळीखाली सही. फॉर्म फाइलमध्ये गेला. आत थेरपिस्टच्या हातात जी चिठ्ठी गेली तिच्यावर एवढंच: ‘हॉट स्टोन, ७५ मि., मीडियम प्रेशर, चहा – ग्रीन टी.’

ग्रीन टी आत पोचला, मधुमेह पोचला नाही. आजारांची यादी विचारली जाते ती सहीसाठी, थेरपिस्टसाठी नाही. इथेच नाही, मी बघितलेल्या बऱ्याच ठिकाणी. आणि ती सही काही उपयोगाची आहे असंही नाही. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ खाली सेवेतल्या त्रुटीची तक्रार दोन वर्षांच्या आत जिल्हा ग्राहक आयोगाकडे करता येते, आणि फॉर्मवर सही घेतली म्हणून निष्काळजीपणा पुसला जात नाही.

‘मधुमेह आहे का?’ हा प्रश्नही मला अपुरा वाटतो. नुकतं निदान झालेल्या ४० वर्षांच्या माणसाला फारसा धोका नसेल, १४ वर्षांच्या मधुमेहाला असेल, आणि दोघंही एकच टिक करणार. त्यापेक्षा विचारावं: किती वर्षं झाली? पायाला मुंग्या येतात का, गादीवर चालल्यासारखं वाटतं का? चालताना चप्पल पायातून निसटली आणि तुम्हाला कळलंच नाही, असं झालंय का? काकूंना मी हे विचारलं तर त्या हसून म्हणाल्या, ‘तुळशीबागेत एकदा एक चप्पल मागेच राहिली होती, गर्दीमुळे असेल.’ गर्दीमुळे नव्हतं.

शेक आपल्याला नवा नाही

आज केला जातो त्या स्वरूपातला हॉट स्टोन मसाज १९९३ मध्ये अमेरिकेत ॲरिझोनातल्या टूसॉन इथे मेरी नेल्सन यांनी ‘लास्टोन’ या नावाने सुरू केला. गुळगुळीत काळा बेसॉल्ट वापरतात, कारण तो घट्ट असतो आणि उष्णता धरून ठेवतो. केंद्राच्या माहितीपत्रकात दगड परदेशातून मागवल्याचं कौतुकाने छापलं होतं. अख्खं पुणं बेसॉल्टवर वसलंय, पाताळेश्वराचं लेणं त्यातच कोरलंय. पण असो, आयात केलेल्या दगडाला भाव वेगळा.

टाच दुखली की वीट तापवून, वर रुईचं पान ठेवून शेकणं आपल्याकडे घरोघरी होतं. आणि चरकसंहितेत सूत्रस्थानाच्या १४व्या अध्यायात स्वेदाचे, म्हणजे घाम काढणाऱ्या शेकाचे, अग्नीने द्यायचे १३ प्रकार सांगितलेत, त्यातला एक अश्मघन स्वेद: माणसाच्या मापाची शिळा तापवून, निखारे काढून, तीवर पाणी शिंपडून, कापड पांघरून वर झोपवायचं. त्याच अध्यायात स्वेद कुणाला देऊ नये याचीही यादी आहे. तीत गर्भिणी आहे, नित्य मद्य घेणारा आहे आणि मधुमेहीही आहे. चरकांची कारणमीमांसा दोषांची होती, नसांची नव्हती, हे खरं. तरी ‘आमचं सगळं पारंपरिक आणि नैसर्गिक आहे’ असं जाहिरातीत लिहिणाऱ्यांनी ती यादीही छापायला हरकत नव्हती.

या मसाजने शरीरातली विषद्रव्यं बाहेर पडतात वगैरे मी मानत नाही. ते काम यकृत आणि मूत्रपिंडं करतात. स्नायू सैल पडतात, आखडलेली मान सुटते, झोप बरी लागते. एवढं पुष्कळ आहे. पण तेवढ्यासाठी पायाच्या बोटांत दगड खोचायची गरज काय, हे मला अजून कुणी पटवून दिलेलं नाही. ते फोटोत चांगलं दिसतं.

मधुमेहाखेरीज आणखी कुणी टाळावं, हे थोडक्यात. पायाच्या शिरेत गुठळी असेल किंवा तशी शंका असेल तर तिथे मसाजच नको, कारण गुठळी सुटून फुप्फुसात जाऊ शकते. फुगलेल्या निळ्या शिरांवर दगड नको. रक्त पातळ करणारी औषधं चालू असतील तर दाबाने काळेनिळे डाग पडतात. गरोदरपण, ताप, नुकतीच झालेली शस्त्रक्रिया, कॅन्सरचे उपचार, ताब्यात नसलेला रक्तदाब, हृदयविकार यांत आधी आपल्या डॉक्टरांना विचारावं. अंगावर वेदनाशामक पट्टी चिकटवलेली असेल तर त्यावर उष्णता अजिबात नको, काही पट्ट्यांमधलं औषध उष्णतेने भराभर शरीरात उतरतं. पक्षाघातानंतर एक बाजू बधिर असेल तर त्या बाजूला काकूंच्या पायाचाच नियम. आणि दोन पेग घेऊन किंवा झोपेची गोळी घेऊन टेबलावर झोपलेल्या माणसाला ‘गरम लागतंय का’ विचारण्यात अर्थ नसतो.

भाजलंच, आणि लगेच कळलं, तर पैंजण-जोडवी काढून नळाच्या गार वाहत्या पाण्याखाली २० मिनिटं धरायचं. भाजल्यापासून तीन तासांच्या आत केलं तरी फायदा होतो. बर्फ नको, टूथपेस्ट नको, तूप नको, हळद नको. फोड फोडायचा नाही, वर स्वच्छ प्लॅस्टिकची पातळ फिल्म किंवा ओलसर स्वच्छ कापड झाकून डॉक्टरकडे जायचं. मधुमेहींनी पायाला आकाराने कितीही लहान भाजलं तरी जायचंच. दुखत नाही म्हणजे किरकोळ, हे तर मुळीच धरायचं नाही. खोल भाजण्यात वेदनेच्या नसाच जळून गेलेल्या असतात. काकूंच्या बाबतीत पाणी धरायची वेळ रात्री झोपेतच निघून गेली होती.

नंतर

मुलीने वकिलांचा सल्ला घेतला, तक्रारीचा मसुदाही तयार झाला. काकूंचा एकच हेका: ‘त्या पोरीची नोकरी जाता कामा नये. तिने मला विचारलं होतं.’ शेवटी मालकांनी उपचाराचा खर्च दिला, थेरपिस्टला ठेवून घेतलं, आणि तक्रार दाखल झाली नाही. मुलीला हे पूर्ण पटलेलं नाही, आणि मला तिचं म्हणणं चूक वाटत नाही.

मालकांचा पहिला प्रस्ताव असा होता की मधुमेही ग्राहकांकडून वेगळं, मोठं संमतीपत्र घ्यावं. मी नको म्हटलं. कागद वाढल्याने दगड निवत नाही. त्यांनी मग ज्या गोष्टी बदलल्या त्या अशा: खटक्याचं भांडं जाऊन आकडा दाखवणारा थर्मोस्टॅटचा हीटर आला आणि तळाला उंच जाळी. पाणी ५२ च्या वर जाऊ द्यायचं नाही, आणि थर्मामीटरचा आकडा प्रत्येक ग्राहकाआधी वहीत लिहायचा. अंगाखाली दगड ठेवणं सगळ्यांसाठीच बंद. पाठीवरही ठेवून द्यायचा तर मध्ये टॉवेल, आणि तीन मिनिटांत उचलायचा. फॉर्म मराठीत आला, एका पानाचा, आणि तो थेरपिस्टनेच ग्राहकासमोर बसून भरायचा. दहा वर्षांपेक्षा जुना मधुमेह किंवा पायाला बधिरपणा असेल तर गुडघ्याखाली दगड नाही, नुसत्या हाताने तेल. ग्राहक ‘चालेल हो, ठेवा’ म्हणाला तरी नाही.

या शेवटच्या नियमावर सगळ्यात जास्त कुरकुर होते. पैसे पूर्ण घेता आणि दगड अर्धेच देता, असं एका गृहस्थांनी रिसेप्शनवर ऐकवल्याचं मालक सांगत होते. वहीचंही पूर्ण जमलेलं नाही. मधे मी ती चाळली तर सोमवार ते शुक्रवार आकडे आहेत, रविवारच्या रकान्यांत बऱ्याचदा नुसती बरोबरची खूण. रविवारी गर्दी असते. त्यावर मालकांनी आता रविवारी हॉट स्टोनच्या वेळा निम्म्या केल्यात.